सुताच्या उधारीचा एकतर्फी हुकूमनामा आणि कोर्टाचे दोन प्रश्न

प्रश्न : आमचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. फर्म माझ्या नावावर आहे, व्यवहार यजमान बघतात. मुंबईच्या एका सूत व्यापाऱ्याकडून साठ दिवसांच्या उधारीवर २२ लाखांचं सूत घेतलं. त्यातल्या काही गाठींचा काउंट (सुताच्या बारीकपणाचं माप) कमी निघाला, मागावर धागा सारखा तुटत होता. यजमानांनी दलालाला सांगितलं, व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅपवर फोटो आणि साडेसहा लाखांची डेबिट नोट (बिलातून तेवढी रक्कम कमी धरतो असं कळवणारा कागद) पाठवली. त्यानंतर आम्ही ४ लाख आरटीजीएसही केले. फेब्रुवारीत यजमानांना हार्टचा त्रास झाला, मिरजेला अॅडमिट केलं, मी तिथंच होते. त्याच दिवसांत मुंबई कोर्टाचं समन्स आलं. दिवाणजींनी सही-शिक्का देऊन घेतलं आणि जीएसटीच्या फायलीत लावून टाकलं. जुलैत पूर्ण २२ लाख अधिक १८ टक्के व्याज असा हुकूमनामा झाला. हे आम्हाला कळलं गेल्या आठवड्यात, बँकेनं खातं गोठवल्याचं पत्र आलं तेव्हा. एक जण म्हणतात, "समन्स मिळालंच नाही असं लिहून द्या, रद्द होतो." दुसरे म्हणतात, आता काही होत नाही, पैसे भरा. कोर्टानं आमची बाजू न ऐकता निकाल दिलाच कसा? पगार द्यायचे आहेत. काय करू? (हुकूमनाम्याच्या पहिल्या पानाचा फोटो सोबत पाठवला आहे.)

— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर :

ताई, खातं गोठलेलं, यजमान नुकते आजारातून उठलेले आणि दारात कामगार पगारासाठी उभे, अशा वेळी कुणाचाही धीर सुटेल. पण "आता काही होत नाही" हे खरं नाही. "समन्स मिळालंच नाही असं लिहून द्या" हा सल्ला तर त्याहून वाईट आहे. का, ते सविस्तर सांगते.

तुम्ही पाठवलेल्या पानावर "समरी सूट" (म्हणजे झटपट निकालाचा दावा) आणि "ऑर्डर ३७" असं लिहिलं आहे. तुमच्या वकिलांनी आधी हेच शब्द नीट वाचायला हवेत. साध्या दाव्यात एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ नियम १३ खाली रद्द करून मागतात. समरी दाव्याला तो नियम लागत नाही. तिथं ऑर्डर ३७ चाच नियम ४ आहे आणि त्याची मागणी जास्त कडक आहे. चुकीच्या नियमाखाली अर्ज गेला म्हणून तेवढ्यावर तो फेटाळला जाईलच असं नाही. मात्र त्या नियमाच्या हिशेबानं लिहिलेल्या अर्जात निम्मा मजकूर राहून जातो, आणि नेमका तोच मजकूर कोर्ट शोधत असतं.

बाजू न ऐकता निकाल कसा दिला, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. हुंडी, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारातून निघालेली ठरीव रक्कम यांच्या वसुलीसाठी कायद्यानं ही आखूड वाट ठेवली आहे. समन्स बजावल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीनं कोर्टात हजेरी नोंदवायची. मग वादी "समन्स फॉर जजमेंट" बजावतो. ते मिळाल्यापासून पुन्हा दहा दिवसांत प्रतिवादीनं शपथपत्रावर सांगायचं की माझ्याकडे खरा बचाव आहे, मला दावा लढवू द्या. यालाच कोर्टात सगळे "लीव्ह टू डिफेंड" म्हणतात. पहिल्या दहा दिवसांत हजेरीच लागली नाही तर वादपत्रातला मजकूर कबूल आहे असं कायदाच धरून चालतो आणि वादी हुकूमनाम्याला पात्र होतो. साध्या दाव्यात असं नसतं. प्रतिवादीनं कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही म्हणून न्यायाधीशांनी डोळे मिटून निकाल देऊ नये, वादीचं म्हणणं तपासावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली बलराज तनेजा खटल्यात बजावलं आहे. समरी दाव्यात त्या तपासणीला फार थोडी जागा उरते. तेव्हा न्यायाधीशांनी तुमच्यावर आकसानं अन्याय केला, असं अर्जात लिहू नका. त्यांच्यासमोर एकाच बाजूचे कागद होते.

आता नियम ४ काय म्हणतो ते पाहू. "विशेष परिस्थिती" असेल तर कोर्ट हुकूमनामा रद्द करू शकतं, त्याची अंमलबजावणी थांबवू शकतं आणि प्रतिवादीला दावा लढवायची परवानगी देऊ शकतं, तेही योग्य वाटतील त्या अटींवर. २००३ साली रजनी कुमार विरुद्ध सुरेश कुमार मल्होत्रा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं याचा अर्थ लख्ख सांगितला. गैरहजेरीचं कारण पटवून दिलं तेवढ्यानं भागत नाही, दावा लढवायची परवानगी मिळावी असा बचावही त्याच अर्जात दिसला पाहिजे. थोडक्यात, कोर्ट तुम्हाला दोन प्रश्न विचारणार. त्या वेळी का आला नाहीत? आणि आला असतात तर काय सांगितलं असतंत? बहुतेक अर्ज पहिल्या प्रश्नावर दहा पानं खर्च करतात आणि दुसऱ्यावर दोन ओळी. तुमच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे, म्हणूनच मला तुमच्या बाबतीत आशा वाटते.

पण आधी पहिला प्रश्न. समन्स मिळालंच नाही, असं शपथेवर लिहू नका. बेलिफाचा अहवाल किंवा पोस्टाची पोच कोर्टाच्या फायलीत आहे आणि तिच्यावर तुमच्या फर्मचा शिक्का आहे. समोरचा वकील तो कागद पुढं करील, त्या क्षणी तुमच्या चार लाखांच्या आरटीजीएसवरचाही विश्वास उडेल. शिवाय खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे. जे घडलं तेच लिहा, कारण जे घडलं तेच तुमच्या उपयोगाचं आहे.

कोर्टापुढचा कायद्याचा प्रश्न असा : दिवाणजींच्या हाती समन्स दिलं म्हणजे ते तुम्हाला बजावलं गेलं का? फर्मच्या नावानं धंदा करणाऱ्या एकट्या मालकालाही ऑर्डर ३० मधले भागीदारी फर्मचे नियम शक्य तेवढे लागू होतात. त्यानुसार धंद्याच्या मुख्य ठिकाणी समन्स द्यायचं तर ते अशा माणसाकडे द्यावं लागतं, ज्याच्या हाती तिथला कारभार आहे. हिशेब लिहिणारे, पार्सल घेणारे दिवाणजी कारभारी ठरतात का? माझ्या मते नाही, आणि हा मुद्दा घ्यावाच. पण नुसता त्याच्यावर विसंबू नका. प्रतिवादीला तारखेची माहिती होती आणि हजर राहायला वेळही होता असं दिसलं, तर बजावणीतल्या निव्वळ त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही, असं ऑर्डर ९ मध्येच लिहिलं आहे. २००८ साली सुनील पोद्दार विरुद्ध युनियन बँक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तेच अधोरेखित केलं. समरी दाव्यातही न्यायाधीशांच्या मनात हाच विचार असतो. म्हणून "माहिती कधी झाली" हे तुमच्या अर्जातलं सर्वांत काळजीपूर्वक लिहायचं वाक्य आहे.

इथं एक अवघड जागा आहे, ती आधीच सांगून ठेवते. मिरजेच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड फेब्रुवारीतले दिवस समजावून सांगेल. मार्च ते जुलै कसे गेले, हे ते सांगणार नाही. कोर्ट नेमकं तिथं बोट ठेवील. त्या महिन्यांचं उत्तर एकच माणूस देऊ शकतो, तुमचे दिवाणजी. त्यांचं वेगळं शपथपत्र करा : लिफाफा कोणत्या तारखेला घेतला, तो जीएसटीच्या नोटिशीसारखा वाटला का, कुठं लावला, कुणाला सांगितलं की नाही, कधी सापडला. त्यांना रागावून, घाबरवून लिहून घेऊ नका. उद्या उलटतपासणीत तेच उभे राहणार आहेत. ती फाईलही जशी आहे तशीच ठेवा, लिफाफा बाहेर काढू नका.

आणखी एक आठवून बघा. मध्यंतरी मुंबईच्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मध्यस्थीची नोटीस आली होती का? तीन लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेच्या व्यापारी वादात, तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर, दावा लावण्याआधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनिअर्स या निकालानं ते पक्कं झालं. त्या वर्षीच्या २० ऑगस्टनंतर अशा मध्यस्थीशिवाय लावलेला दावा फेटाळण्याजोगा ठरतो. वादीनं ही पायरी गाळली असेल तर तो मुद्दा अर्जात ठळक घाला. पण नोटीस आली असेल आणि तीही त्याच फायलीत निघाली, तर वाद पेटला आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, असं समोरचा म्हणणार. वकिलांना दोन्ही शक्यता आत्ताच सांगा. वकिलाला पहिल्यांदा कोर्टात कळलेली गोष्ट नेहमी महागात पडते.

आता दुसरा प्रश्न, बचावाचा.

परवानगी कधी द्यायची आणि कधी नाही, याचे टप्पे सर्वोच्च न्यायालयानं १९७६ साली मेकॅलेक खटल्यात घालून दिले होते. २०१६ साली आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन या मुंबईच्याच प्रकरणात ते सुधारून मांडले. भक्कम बचाव असेल तर बिनशर्त परवानगी. तपासण्यासारखा, वाजवी मुद्दा असेल तरीही बहुधा बिनशर्त. मुद्दा आहे पण त्याच्या खरेपणाबद्दल शंका वाटते, किंवा तो शक्य असला तरी पटण्याजोगा वाटत नाही, तर रक्कम भरा नाहीतर तारण द्या, मग लढा. बचावच नसेल तर परवानगी नाही. त्या प्रकरणात उच्च न्यायालयानं दिलेली बिनशर्त परवानगी सर्वोच्च न्यायालयानं बदलली आणि ४१८ कोटींची मूळ रक्कम जमा करा किंवा तेवढं तारण द्या, अशी अट घातली. उलट २०२२ साली बी. एल. कश्यप विरुद्ध जेएमएस स्टील्स या पोलादाच्या थकबाकीच्या वादात त्याच न्यायालयानं सांगितलं की परवानगी देणं हा नेहमीचा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद. दोन्ही निकाल वकिलांच्या हाती असू द्या. पहिला तुम्हाला सावध करतो, दुसरा आधार देतो.

तुमचा सर्वांत बळकट मुद्दा डेबिट नोटेचा नाही, चार लाखांचा आहे. वादपत्रात पूर्ण २२ लाख मागितले आहेत. बँकेच्या उताऱ्यावर आरटीजीएसची नोंद आणि यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) आहे. आलेली रक्कम वादीनं जमाच धरली नसेल, तर त्यानं कोर्टासमोर अर्धवट हिशेब ठेवला आहे. हा वाद ऐकीव नाही, कागदावर दिसतो. फक्त एक बघून घ्या, ते चार लाख त्यानं तुमच्या जुन्या एखाद्या बिलापोटी वळते करून घेतले आहेत का. त्यासाठी दोन्ही बाजूंचे खातेउतारे आणि बॅलन्स कन्फर्मेशनवर (इतकी बाकी मान्य आहे असं लिहून देण्याच्या कागदावर) कधी सही केली असेल तर तो कागद शोधा.

डेबिट नोटेचा मुद्दा चांगला आहे, पण त्याला कष्ट लागतील. काउंट कमी निघालेलं सूत तुम्ही परत पाठवलंत की मागावर चढवून कापड काढलंत? तुमच्या पत्रावरून वापरलं असं दिसतं. मग "माल नाकारला" असं म्हणू नका. मालविक्री कायद्यात असं आहे की वाजवी मुदतीत नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरलं जातं. पण माल स्वीकारल्यावरही हमीभंगाबद्दल किंमत कमी करून मागायचा हक्क कलम ५९ खाली राहतो. तुमचा खरा बचाव हा आहे आणि तो साडेसहा लाखांपुरता आहे. त्यासाठी सूत तपासणीचा अहवाल असेल तर उत्तम. नसेल तर त्या लॉटचा एखादा कोन (सूत गुंडाळलेली शंकूसारखी नळी), गाठीवरचं लेबल, दलालाशी झालेलं बोलणं, कापडात निघालेल्या खोटीबद्दल तुमच्या गिऱ्हाइकानं कापलेली रक्कम, यातलं जे असेल ते जोडा. डेबिट नोट दावा लागण्याच्या आधीची आहे याला फार वजन आहे, दाव्यानंतर सुचलेल्या तक्रारीला कोर्टात किंमत नसते. व्हॉट्सअॅपचे मेसेज असलेला फोन बदलू नका, रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, ते वकील तयार करून घेतील.

समोरचा वकील तीन गोष्टी विचारील, त्यांची तयारी ठेवा. बिलाखाली "माल गोदामाबाहेर गेल्यावर तक्रार चालणार नाही" असं छापलेलं असतं, त्याचं काय? माल खराब होता तर चार लाख का पाठवलेत? आणि जीएसटीत पूर्ण बिलाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलंत की साडेसहा लाखांपुरतं उलटवलंत? हा तिसरा प्रश्न व्यापारी मंडळी विसरतात. तुमच्या सीएंकडून ते रिटर्न आजच मागवा. क्रेडिट पूर्ण घेतलेलं असेल तर बचाव बुडत नाही, पण त्याचं कारण अर्जातच आलं पाहिजे. व्याजाचंही तसंच : १८ टक्के फक्त बिलावर छापलेले आहेत की तुम्ही कुठं सही करून मान्य केले आहेत, हे बघून तो मुद्दा घ्या.

आता जे बोलायला जड वाटतं ते बोलते. २२ लाखांतून ४ लाख गेले, साडेसहा लाख वादातले म्हणून बाजूला काढले, तरी साडेअकरा लाख उरतात. ते देणं लागतात हे तुमच्याच हिशेबावरून दिसतं. ऑर्डर ३७ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की दाव्यातली जी रक्कम प्रतिवादी कबूल करतो, ती कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. म्हणून "आम्ही काहीच देणं लागत नाही" असा पवित्रा घेऊ नका. त्यापेक्षा अर्जातच लिहा की साडेअकरा लाख इतक्या मुदतीत, इतक्या हप्त्यांत कोर्टात भरायची आमची तयारी आहे. खातं मोकळं करून मागताना तुमच्या हातात याहून जोरदार गोष्ट दुसरी नाही. पगाराचा तक्ता, वीजबिल, यंत्रमागाच्या कर्जाचा हप्ता हे सगळं जोडून सांगा की खातं बंद राहिलं तर वादीचेही पैसे निघणार नाहीत. रक्कम उभी करायला दागिने गहाण ठेवायची वेळ येणार असेल तर आधी सीएंशी बोलून तारणाचा पर्याय बघा. कोर्ट रोकडीऐवजी तारण घेऊ शकतं.

अर्ज कुठं करायचा? ज्या कोर्टानं हुकूमनामा दिला त्याच मुंबईच्या कोर्टात. तुमच्याकडच्या कोर्टात दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) वर्ग होऊन आली असली तरी ते कोर्ट हुकूमनाम्याच्या मागं जाऊन बरोबर-चूक ठरवू शकत नाही. फार तर मुंबईहून स्टे आणेपर्यंत थोडी सवड देऊ शकतं. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून आपल्या भागातल्या अनेकांना वाटतं की सगळंच आता कोल्हापुरात होईल. मुंबईच्या कोर्टाचा हुकूमनामा मुंबईतच हाताळावा लागेल.

मुदतीबाबत हयगय नको. साध्या एकतर्फी हुकूमनाम्यात मुदत तीस दिवसांची असते. समन्स रीतसर बजावलं असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून, नसेल तर माहिती झाल्याच्या दिवसापासून. समरी दाव्यात मुदत कशी मोजायची यावर वकील वाद घालत बसोत, तुम्ही बँकेचं पत्र हाती पडल्यापासून तीस दिवस धरून चाला आणि शक्यतो त्याच्या निम्म्यात अर्ज दाखल करा. सोबत विलंब माफीचा अर्जही द्या, म्हणजे बजावणी रीतसर होती असं ठरलं तरी दार बंद होणार नाही. बँकेच्या पत्राचा लिफाफा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा.

उद्या सकाळी मुंबईतल्या वकिलांकडून नकलेसाठी अर्ज टाका. वादपत्र, त्याला जोडलेले कागद, बजावणीचा अहवाल, हुकूमनामा आणि संपूर्ण रोजनामा या सगळ्यांच्या नकला हव्यात. रोजनाम्याचा आग्रह मुद्दाम धरते आहे. कोणत्या तारखेला काय झालं, समन्स बजावल्याची नोंद न्यायाधीशांनी कशावरून घेतली, हे त्यातच दिसतं. पुष्कळ अर्जांना धार तिथूनच येते.

अपिलाचा रस्ताही आहे, पण अपील आणि अर्ज यांचा क्रम वकिलांशी नीट ठरवा. व्यापारी न्यायालयाच्या निकालावर अपील साठ दिवसांत करायचं असतं. उशीर झाला तर माफी सहज मिळत नाही, हे महाराष्ट्र शासन विरुद्ध बोर्से ब्रदर्स या २०२१ च्या निकालानं दाखवून दिलं आहे. तुमच्या प्रकरणात वस्तुस्थिती कोर्टासमोर आलेलीच नाही, त्यामुळे नियम ४ चा अर्ज हाच पहिला रस्ता असं मला वाटतं.

हे सदर वाचणाऱ्या इतर व्यावसायिकांसाठी दोन वाक्यं. तुमच्यावरचा दावा समरी नसून साधा व्यापारी दावा असेल तर कैफियत तीस दिवसांत द्यायची असते, आणि कोर्टानं वाढवून दिली तरी बजावणीपासून १२० दिवसांनंतर ती घेतलीच जात नाही. एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स विरुद्ध चमणकर इन्फ्रास्ट्रक्चर या २०१९ च्या निकालानंतर तिथं सवलतीला जागा उरलेली नाही.

ताई, शेवटी तडजोडीबद्दल. तुमच्या हिशेबानं साडेअकरा लाख देणं आहे, त्यांच्या हिशेबानं व्याजासह त्याच्या दुपटीहून जास्त. दोघांनाही अजून सुताचा धंदा करायचा आहे आणि मधला दलाल दोघांच्याही ओळखीचा आहे. अर्ज दाखल करा, स्टेसाठी प्रयत्न करा आणि त्याच आठवड्यात दलालाकरवी बोलणंही सुरू करा. मात्र व्यापारी म्हणाला, "एवढे रोख द्या, मी कोर्टात सांगतो", तर देऊ नका. हुकूमनाम्यानंतर कोर्टाबाहेर दिलेल्या पैशांची नोंद कोर्टात झाली नाही तर अंमलबजावणी करणारं कोर्ट ते पैसे मोजतच नाही. ती नोंद करून मागायची मुदतही तीसच दिवसांची आहे. तडजोड ठरली तर ती लेखी करा, दोन्ही वकिलांच्या सह्या घ्या, रक्कम बँकेतूनच जाऊ द्या आणि कोर्टात पुरसीस (तडजोड झाल्याचं लेखी निवेदन) दाखल झाल्यावर तिची नक्कल स्वतःच्या हाती घ्या.